नुकताच पाहिलेला चित्रपट आणि आपले मत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसे जमतात आणि त्या महिन्यात कोणी कोणता चित्रपट पाहिला, तो कसा वाटला, याविषयी बोलतात. नव्याने येणारे बहुतेक जण दारातच तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून ते एकदा लिहून काढले आहेत. बैठकीच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे उत्तरेही मीच लिहिली आहेत. काही उत्तरांशी बैठकीतील सर्वच जण सहमत नाहीत, आणि जेथे मतभेद मोठा आहे तेथे तसे सांगितले आहे.

बैठकीला येण्यासाठी चित्रपटाचा अभ्यास असावा लागतो का?

मुळीच नाही. येथे येणाऱ्यांत हळदीच्या पेठेतील एका अडत दुकानाचे दिवाणजी आहेत, मिरजेच्या एका रुग्णालयातील परिचारिका आहेत, तंतुवाद्ये बनविणारे एक कारागीर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत आणि तासाला दांडी मारून दुपारचा खेळ गाठणारे विद्यार्थीही आहेत. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कोलकात्यात फिल्म सोसायटी सुरू केली, तेव्हापासून जगभरचे निवडक चित्रपट मिळवून दाखविण्याची आणि त्यांवर चर्चा करण्याची एक परंपरा आपल्या देशात रुजली. आमची बैठक त्या जातीची नाही. आम्ही कोणताही चित्रपट दाखवीत नाही. गावातल्या पडद्यावर जे लागते, जे आपण तिकीट काढून किंवा घरच्यांच्या आग्रहाखातर पाहून येतो, त्याविषयीच बोलतो.

‘चांगला आहे’ किंवा ‘अगदीच टुकार आहे’ एवढे सांगितले तर पुरत नाही का?

घरी जेवताना पुरते, येथे पुरत नाही. असे कोणी म्हणाले की समोरून हमखास एकच प्रश्न येतो, ‘कोठे?’ म्हणजे चित्रपट नेमका कोणत्या जागी चांगला वाटला आणि कोणत्या जागी कंटाळा आला, ते सांगावे. ‘चांगला’ आणि ‘वाईट’ हे निकाल आहेत, आणि निकालावर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. ऐकणाऱ्याला फार तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येते. जागा सांगितली की मात्र दुसऱ्याला आपली जागा आठवते आणि बोलणे सुरू होते.

याचे एक उदाहरण आमच्याकडे नेहमी सांगितले जाते. ऊसतोड मजुरांच्या जीवनावरील एका चित्रपटाविषयी बोलणे चालले होते आणि सगळे जण त्याची वाखाणणी करीत होते. अनेक हंगाम फडात काढलेल्या एक मावशी त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांना विचारल्यावर त्या आधी ‘बरा हाय’ एवढेच म्हणाल्या. ‘कोठे बरा नव्हता?’ असे कोणीतरी विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या हाताची बाही वर केली. उसाचे पान कडेने करवतीसारखे असते आणि तोडताना, मोळी बांधताना कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे उठतात. नायिका सबंध चित्रपटभर ऊस तोडत होती, पण तिच्या हातावर एकही ओरखडा नव्हता. रडण्याचे प्रसंग पाहताना आपले लक्ष सारखे त्या हातांकडे जात राहिले, असे त्या म्हणाल्या. त्यानंतर अर्धा तास त्या चित्रपटाविषयी जे बोलणे झाले, ते आधीच्या वाखाणणीपेक्षा कितीतरी भरीव होते. मावशींना चित्रपट आवडला की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही, आणि त्याची जरूरही वाटत नाही.

मत सांगण्याची सुरुवात कोठून करावी?

चित्रपट कोठे, केव्हा, कोणाबरोबर आणि कोणत्या अवस्थेत पाहिला, येथून करावी, असा माझा आग्रह आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला संथ चित्रपट असह्य होतो. लहान मूल मांडीवर असलेल्या आईचे निम्मे लक्ष चित्रपटात नसते. तिसऱ्या रांगेत मान वर करून पाहिलेला चित्रपट आणि मागच्या रांगेतून पाहिलेला चित्रपट यांत फरक पडतो. हे सांगितल्याने मताला कमीपणा येत नाही. ऐकणाऱ्याला ते कोणत्या मापाने घ्यावे, एवढे कळते.

हा आग्रह मला ठेच लागल्यावर सुचला. एका चित्रपटाचे छायाचित्रण फारच काळोखे आहे, रात्रीच्या दृश्यांत तर माणसांचे चेहरेही ओळखू येत नाहीत, असे मी एका बैठकीत ठासून सांगितले होते आणि छायाचित्रकाराला बरेच धारेवरही धरले होते. पुढे तीन आठवड्यांनी पाहुण्यांबरोबर दुसऱ्या गावातील चित्रपटगृहात तोच चित्रपट पाहण्याचा योग आला, तेव्हा ते सर्व चेहरे मला स्वच्छ दिसले. एवढेच नव्हे, तर एका दृश्यात भिंतीवर टांगलेले दिनदर्शिकेचे पानसुद्धा वाचता आले. दोष प्रक्षेपणाचा होता. प्रक्षेपकाचा दिवा जुना झाला किंवा त्रिमिती चित्रपटासाठी भिंगापुढे बसविलेली काच साध्या चित्रपटाच्या वेळी काढायची राहिली, तर पडद्यावरचा उजेड बराच घटतो. आवाजाचेही तसेच आहे. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तोच कुरकुरत असेल तर संगीत दणक्यात ऐकू येते आणि नट मात्र पुटपुटत आहेत असे वाटते. पुढच्या बैठकीत मला सर्वांसमोर शब्द मागे घ्यावे लागले, आणि तेव्हापासून ‘पडद्यावर उजेड होता का?’ हा प्रश्न मला अधूनमधून मुद्दाम विचारला जातो.

चित्रपटाचा शेवट सांगितलेला चालतो का?

चित्रपट प्रदर्शित होऊन महिना झाला नसेल तर शेवट फोडू नये. फोडल्याशिवाय मुद्दाच मांडता येत नसेल, तर आधी तसे सांगावे. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे ते तेवढा वेळ चहा घेऊन अंगणात थांबतात. महिना उलटल्यावर मात्र कोणाच्याही तक्रारीची दखल घेतली जात नाही.

सांगलीचे प्रेक्षक चित्रपटालाही नाटकाचे माप लावतात, असे म्हणतात. ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग याच गावात केला आणि तोच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्वांचे जन्मगाव नागठाणेही याच जिल्ह्यातले. ज्या घरांत चार पिढ्यांपासून नाटकाचे वेड आहे, त्या घरांतील माणसे चित्रपटगृहातही कानाने बघतात. शब्द कसा टाकला, वाक्य कोठे तोडले, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला का, हे त्यांना आधी जाणवते.

याचा फायदा असा की लेखनातला भुसा त्यांना पटकन ओळखू येतो. संवादात एखादे वाक्य केवळ टाळीसाठी घातले असेल, तर आमचे एक आजोबा चित्रपटगृहातच ‘आली टाळी’ असे हळूच म्हणतात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. तोटा असा की न बोललेल्या गोष्टी त्यांच्या हातून निसटतात. रंगमंचावर नटाला शेवटच्या रांगेचा विचार करावा लागतो. पडद्यावर कॅमेराच नटाच्या तोंडाजवळ जातो आणि पापणीची हालचालही सहा फुटांची होऊन दिसते. एका चित्रपटात मुलाच्या अपघाताची बातमी फोनवर ऐकल्यावर बाप काहीच बोलत नाही, दोरीवरचा टॉवेल काढतो, त्याची नीट घडी घालतो आणि मग ती घडी पुन्हा मोडून टॉवेल दोरीवर टाकतो, असा प्रसंग होता. आजोबांचे म्हणणे असे की एवढा मोठा प्रसंग लेखकाने फुकट घालविला. त्यांच्या नातीचे म्हणणे असे की सबंध चित्रपटात तेवढीच एक जागा अस्सल होती. मी नातीच्या बाजूचा आहे. आजोबांनी मात्र अजून हार मानलेली नाही आणि ‘टॉवेल’ हा शब्द आमच्याकडे आता न बोलता केलेल्या अभिनयासाठी सर्रास वापरला जातो.

पडद्यावरची आपल्या भागाची बोली खटकते. त्याविषयी बोलावे का?

अवश्य बोलावे, कारण ही गोष्ट मुंबई-पुण्याचा समीक्षक सांगू शकत नाही. चित्रपटांत सांगली-कोल्हापूरची बोली म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘की रं’ आणि मध्ये एक शिवी, असा एक ठोकळा तयार झालेला आहे. प्रत्यक्षात या बोलीची खूण अधिक बारीक आहे. या भागातील अनेक बायका स्वतःविषयी बोलताना ‘मी येतो’, ‘मी आलो’, ‘मी करतो’ असे म्हणतात. माझी आजी जन्मभर तसेच बोलली आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. पडद्यावर मात्र विहिरीवर धुणे धुणारी बाई रांगडा हेल काढून ‘मी येते’ म्हणते, आणि आमच्या बैठकीतील अर्धी माणसे तेथेच कथेतून बाहेर पडतात.

याला एक अपवाद करावा, असे मला वाटते. शहरात शिकलेल्या आजच्या मुली घरात एक आणि बाहेर एक, अशा दोन्ही तऱ्हांनी बोलतात. त्यामुळे पात्र कोण आहे, किती शिकले आहे आणि कोणाशी बोलत आहे, हे पाहूनच बोली चुकली असे म्हणावे.

ओळखीचे ठिकाण किंवा आपल्या व्यवसायातली गोष्ट चुकीची दाखविली, तर चित्रपट वाईट ठरतो का?

या प्रश्नावर आमच्याकडे सर्वांत जास्त वाद झालेला आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

ठिकाणाचे आधी पाहू. वाईजवळच्या मेणवलीचा घाट आणि नाना फडणविसांचा वाडा किती चित्रपटांत येऊन गेला, याची गणती करणे कठीण आहे. २००४ च्या ‘स्वदेस’मधले गाव कथेत उत्तर प्रदेशातले आहे, पण त्याचे बरेचसे चित्रीकरण मेणवलीचे आहे. सातारकराला पडद्यावर तो घाट दिसला की तो शेजारच्याला कोपराने ढोसून ‘अरे, हे तर आपले मेणवली’ असे म्हणणारच, आणि तेवढ्या वेळात दोन संवाद निसटणारच. हा चित्रपटाचा दोष धरता येत नाही. चित्रपट जागा उसनी घेतो. पडद्यावर तिला दिलेले नाव पटण्याजोगे आहे की नाही, एवढेच पाहावे.

व्यवसायाचे प्रकरण अधिक अवघड आहे. एका चित्रपटात गायकाची मैफल होती आणि त्याच्या मागे शिष्या तंबोरा छेडीत बसली होती. आमचे मिरजेचे कारागीर तो चित्रपट पाहून आले ते चिडूनच. त्यांचा आक्षेप असा होता की शिष्येची बोटे तबल्याच्या लयीबरोबर हलत होती. तंबोरा तालात वाजवीत नाहीत. त्याच्या चार तारा आपल्या स्वतंत्र गतीने एकामागून एक छेडल्या जातात आणि गाणे कितीही द्रुत झाले तरी तंबोऱ्याची गती तीच राहते. शिवाय, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, तारा हलतच नव्हत्या. आवाज मात्र उत्तम जवारी काढलेल्या तंबोऱ्याचा येत होता, तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर दोरा अचूक बसल्यावर जी गुंजन निघते ती. ‘आवाज आमच्याकडचा आणि बोटे भलत्याच कोणाची,’ असे ते म्हणाले.

यावर आमच्या परिचारिका म्हणाल्या की आपल्याला त्या प्रसंगात रडू आले आणि बोटांकडे आपले लक्षही गेले नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. रुग्णालयाच्या दृश्यांत सलाईन उलटे लावलेले, ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर घसरलेला आणि तरीही रोगी खणखणीत आवाजात बोलत असलेला, असे त्यांना दर महिन्याला पाहावे लागते. प्रत्येक वेळी चिडायचे ठरविले तर एकही चित्रपट पाहता येणार नाही.

दोघांचेही ऐकल्यावर मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. कॅमेरा त्या वस्तूपाशी थांबला का, हे पाहावे. तंबोरा पाठीमागे धूसर दिसत असेल तर बोटांचा हिशेब मागू नये. दिग्दर्शकाने मुद्दाम त्या बोटांजवळ कॅमेरा नेला असेल, ‘पाहा, ही साधना’ असे तो सांगत असेल, तर मात्र ती बोटे खरीच असली पाहिजेत. त्या चित्रपटात कॅमेरा बोटांपाशी पुरे दोन श्वास थांबला होता, त्यामुळे माझे मत कारागिरांच्या बाजूने पडले. परिचारिकांना हा नियम मान्य नाही. त्यांच्या मते रडू आले, तेथे नियम संपतो.

ऐतिहासिक चित्रपट आवडला नाही, असे म्हणायला भीती वाटते. काय करावे?

भीती वाटणे स्वाभाविक आहे. सातारा ही छत्रपती शाहू महाराजांची राजधानी. १७०८ मध्ये त्यांचा राज्याभिषेक तेथे झाला, आणि आमच्याकडे येणाऱ्या काहींच्या घरांत त्या काळाच्या आठवणी देव्हाऱ्याइतक्या जपलेल्या आहेत. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. ज्या व्यक्तीवर चित्रपट आहे तिच्याविषयीचा आदर ही एक, आणि तो चित्रपट कसा केला आहे ही दुसरी. लढाईचे दृश्य लांबले किंवा पार्श्वसंगीताने संवाद बुडाले, असे म्हटल्याने महाराजांचा अवमान होत नाही, हे येथे सर्वांनी मान्य केलेले आहे.

इतिहास चुकला असे कोणाला म्हणायचे असेल, तर नेमके काय चुकले आणि ते आपल्याला कशावरून ठाऊक आहे, हे सांगावे. ‘आमच्याकडे असे सांगतात’ हाही आधार धरला जातो, फक्त तो तसा सांगितला पाहिजे. डोळ्यांना दिसणारी चूक सांगणे त्या मानाने सोपे असते. सह्याद्रीतील किल्ल्यांचा दगड काळा, बेसाल्टचा. पडद्यावर गडाची तटबंदी पिवळसर वालुकाश्माची दिसू लागली, की चित्रीकरणाची गाडी राजस्थानाकडे वळली होती हे ओळखायला इतिहासाचार्य लागत नाही. पावसाळ्यात एकदा साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढलेला माणूसही ते सांगतो.

हिंदीत किंवा मराठीत भाषांतरित आवाज दिलेल्या दाक्षिणात्य चित्रपटातील अभिनयावर मत देता येते का?

अर्धेच देता येते. चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असल्यामुळे ‘संवादफेक उत्तम’ असे म्हणताना आपण कोणाची पाठ थोपटत आहोत, याचे भान ठेवावे. जत तालुक्याच्या पूर्व भागातून येणारे आमचे दोन मित्र कानडी चित्रपट मूळ भाषेत पाहतात. आम्हाला हिंदीत भडक वाटलेला एक नायक मुळात अगदी हळू आवाजात बोलतो, हे आम्हाला त्यांच्याकडून कळले.

मोबाइलवर किंवा घरच्या टीव्हीवर पाहिलेला चित्रपट धरता का?

धरतो, फक्त तसे सांगावे. एसटीत बसून सातारा ते सांगली या प्रवासात तुकड्यातुकड्यांनी पाहिलेल्या चित्रपटाची गती मंद आहे, ही तक्रार मात्र आम्ही गंभीरपणे घेत नाही.

इतके कोटी मिळविले म्हणजे चित्रपट चांगलाच असणार, नाही का?

आमच्या दिवाणजींनी हा प्रश्न कायमचा निकालात काढला आहे. आयुष्यभर हळदीचे सौदे पाहिलेला माणूस आकड्याला सहसा भुलत नाही. त्यांचे म्हणणे असे : वर्तमानपत्रात येतो तो बहुधा तिकीटखिडकीवरचा एकूण गल्ला असतो. त्यातून आधी कर जातो, उरलेल्यातून चित्रपटगृहाचा वाटा जातो, मग वितरकाचा, आणि निर्मात्याच्या हाती काय पडले ते कोणी छापत नाही. पेठेत पोत्यावरचा भाव आणि शेतकऱ्याच्या खिशात पडलेली रक्कम यांत जो फरक असतो, तोच येथे.

पूर्वी यशाचे माप आठवड्यांत असे. १९५९ चा ‘सांगते ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्या काळी चित्रपटाच्या प्रती मोजक्याच निघत आणि एक प्रत एकाच जागी मुक्काम ठोकून राही, त्यामुळे लोक चित्रपटाकडे येत. आता डिजिटल प्रतीमुळे एकच चित्रपट एकाच शुक्रवारी शेकडो पडद्यांवर लागतो आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याचा बराचसा हिशेब होऊन जातो. म्हणजे आठवडे सांगतात की लोक पुन्हा पुन्हा आले किंवा एकमेकांच्या सांगण्यावरून आले. पहिल्या तीन दिवसांचे कोटी सांगतात की जाहिरात पोहोचली. पाहून आलेल्या माणसाने शेजाऱ्याला काय सांगितले, हे सोमवारच्या गर्दीवरून कळते, असे दिवाणजींचे मत आहे, आणि ते स्वतः सोमवारीच चित्रपट पाहतात. अर्थात सोमवारी गर्दी कमी असल्यामुळे पाय पसरून बसता येते, हेही एक कारण त्यामागे आहे.

तिकीट महाग होते म्हणून चित्रपटावर राग काढला तर चालेल का?

पैसे वसूल झाले नाहीत, असे म्हणण्याचा हक्क तिकीट काढलेल्या प्रत्येकाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला आहे आणि त्यापुढच्या तिकिटावर तो १८ टक्केच आहे. त्यामुळे साध्या चित्रपटगृहात आणि मल्टिप्लेक्समध्ये पाहिलेल्या एकाच चित्रपटाविषयी मते वेगळी येतात, यात नवल नाही. खाद्यपदार्थांच्या किमतीविषयीची तक्रार मात्र बैठक संपल्यावर करावी, नाही तर ती संपतच नाही.

मुलांना न्यावे की नाही, याविषयी बैठकीत सल्ला मिळतो का?

मिळतो, आणि तो पालकच देतात. १९५२ च्या चलच्चित्र कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन गट पाडलेले आहेत. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट अठरा वर्षांखालील मुलांना दाखविता येत नाही. ‘यूए’च्या गटांचा निर्णय मात्र पालकांवर सोपविलेला आहे. प्रमाणपत्रावरून हिंसा किती, भाषा कशी याचा अंदाज येतो. मूल कशाला घाबरेल, ते प्रमाणपत्र सांगत नाही. सात वर्षांची एक मुलगी मारामारी पाहून खिदळत होती आणि चित्रपटातले मांजर हरवल्यावर मात्र तीन रात्री झोपली नाही. म्हणून पालक बैठकीत विचारतात ते असेच प्रश्न असतात : त्यात आई मरते का, कुत्रे मरते का, आणि मध्यंतराच्या आधी मरते की नंतर.

अर्ध्यावर उठून आलो. मत देता येईल का?

जेवढे पाहिले तेवढ्यावर देता येईल. कोणत्या जागी उठलात, ते सांगावे. कधी कधी तीच सगळ्यांत उपयोगाची माहिती असते. एका चित्रपटातून आमच्यापैकी चार जण वेगवेगळ्या दिवशी एकाच गाण्याच्या वेळी बाहेर पडले होते.

आवडलेले दृश्य मोबाइलवर टिपून बैठकीत दाखविले तर?

कृपया तसे करू नये. चित्रपटगृहात पडद्याचे चित्रण करणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनुसार त्याला किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षांचा कारावास, तसेच किमान तीन लाख रुपयांपासून चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. शिवाय दृश्य दाखविले की सांगणाऱ्याची जीभ आखडते. सोप्यात उभे राहून हातवारे करीत सांगितलेले दृश्य आम्हाला अधिक आवडते, आणि त्यात मूळ चित्रपटात नसलेले दोन-तीन संवाद मिसळले तरी आम्ही हरकत घेत नाही.

वडीलधाऱ्यांचे मत खोडून काढायचे असेल तर कसे बोलावे?

‘आण्णा, तुमचे चुकते’ असे म्हणण्यापेक्षा ‘आण्णा, मला तेथे वेगळे दिसले’ असे म्हणावे आणि ती जागा सांगावी. आण्णांनीही ‘तुम्हा पोरांना काय कळते’ हे वाक्य वापरू नये, असे ठरलेले आहे. ते आजवर तीनदा वापरले गेले आणि तिन्ही वेळा दंड म्हणून सर्वांचा चहा त्यांच्या खात्यावर गेला.

एकदा दिलेले मत नंतर बदलता येते का?

येते. मी ते कसे आणि का बदलले, हे वर सांगितलेच आहे. माझ्या वहीत प्रत्येक मतापुढे तारीख असते आणि बदल झाला की जुने मत न खोडता त्याखाली नवे लिहिले जाते. तरुणपणी वेड लावलेला चित्रपट पन्नाशीत पाहून ‘यात आपल्याला काय आवडले होते?’ असा प्रश्न पडलेली माणसे आमच्याकडे बरीच आहेत, आणि याच्या उलट अनुभवाच्याही दोन नोंदी आहेत. दोन्ही नोंदी बापांच्या भूमिकांविषयी आहेत, आणि दोन्ही नोंदवणारे मधल्या काळात बाप झालेले आहेत.

प्रत्यक्ष यायचे असेल तर काय करावे लागेल?

महिन्याभरात निदान एक चित्रपट पाहून यावे आणि त्यातील एक जागा मनाशी धरून यावे. वर्गणी नाही. बैठक साडेपाचला सुरू होते आणि आठला संपते. विद्यार्थ्यांची शेवटची बस चुकू नये म्हणून ही वेळ काटेकोर पाळली जाते. भडंग आळीपाळीने आणले जाते आणि नव्याने येणाऱ्याची पाळी तिसऱ्या महिन्यात लागते. कृष्णेला पूर येऊन गावभागात पाणी शिरण्याची चिन्हे असतील, तर त्या महिन्यात बैठक विश्रामबागेत एकाच्या घरी होते. तेथे सोपा नाही, खुर्च्याही कमी आहेत, म्हणून बसायला सतरंजी सोबत आणावी.